एक अँटेना, चाळीस लॉकेटं

मंगळवार, ४ मार्च

परवा जे झालं ते आधी क्रमाने. अभिप्राय नंतर.

१. रविवार, २ मार्च. सकाळी ९.१२. नग क्र. २३, म्हणजे गळ्यात घालायचं मदतीचं लॉकेट, त्याचं बटण दाबलं गेलं.
२. रद्द करायचे दहा सेकंद संपल्यावर चार सेकंदांत संदेश मदतकेंद्रात पोचला.
३. संदेशासोबत जागाही पोचली: राहतं घर. ही जागा ८.२० ची होती. बावन्न मिनिटं शिळी.
४. ९.३१ ला माणसं घरी पोचली. दाराला कुलूप. तोडलं. आत कोणी नाही.
५. ९.१२ नंतर तेच बटण आणखी साठ वेळा दाबलं गेलं. साठ संदेश. साठही संदेशांत जागा: राहतं घर.
६. ११.५२. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका माणसाला कालव्याकाठच्या पायवाटेखाली, ओल्या पाचोळ्यात, एक बाई पालथ्या पडलेल्या दिसल्या. शुद्धीत. खुब्याचं हाड मोडलेलं. घरापासून अंतर १.८ किलोमीटर.
७. वय ७४. एकट्या राहतात. निवृत्त शिक्षिका.
८. लॉकेटमधली एका अँटेनाची रचना माझी. चाचणी अहवालावर सही माझी.

अभिप्राय: सुचत नाही.

बुधवार, ५ मार्च

आमच्या विभागप्रमुखांना सगळे घड्याळ म्हणतात. कारण विचारायची गरज नाही. माणूस खोलीत शिरला की आपण कशाला तरी उशीर करतोय असं वाटतं.

सकाळी त्यांनी बोलावलं. दार लावून घेतलं.

"झाडं दाट होती."

मी म्हटलं, "मार्चमध्ये? फांद्या उघड्या आहेत."

"मग ढग होते."

"नव्हते. पाहिलं मी."

"हे बघ, उपग्रह काय आपल्या खिशात आहेत? कधी दिसतात, कधी नाही. चाळीस नग चाचणीला दिले, एकाला अडचण आली. सोमवारी सतरा तारखेला चार हजारांची ऑर्डर कारखान्यात जाते. मला चौदाच्या शुक्रवारपर्यंत एक पान हवंय. कादंबरी नको."

मी उठले. दाराशी आल्यावर म्हणाले, "आणि कोणाचा वेळ घेऊ नकोस यात. सगळे कामात आहेत."

घेणार नव्हतेच. मी कोणाचा वेळ कधी घेतलाय!

गुरुवार, ६ मार्च

एक पान लिहायला बसले. नऊ शब्द झाले. खोडले.

शनिवार, ८ मार्च

सुट्टीचा दिवस. ऑफिसात मी आणि पहारेकरी. तो म्हणाला, "आजही?" मी म्हटलं, "आजही." आमचं एवढंच बोलणं असतं आणि ते मला पुरतं.

दिवसभर गुहेत होते. चाचणीच्या बंद खोलीला आम्ही गुहा म्हणतो — भिंतीभर निळ्या फोमचे सुळके, पत्र्याचं जाड दार. ते लागलं की बाहेरची एकही लहर आत येत नाही. फोन मरतो. स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं. नवे लोक पाच मिनिटांत घाबरून बाहेर पडतात. मी इथे डबा खाते.

स्वतःला नीट समजावं म्हणून पुन्हा लिहिते. लॉकेटला तीन कामं: मदतकेंद्राशी बोलणं, उपग्रहांचं ऐकून जागा ठरवणं, आणि घरातल्या फोनशी हळू कुजबुजणं. पूर्वी तिन्हींना वेगळी अँटेना होती. त्यामुळे लॉकेट साबणाच्या वडीएवढं. कोणी गळ्यात घालेना. सगळ्यांची खुंटीवर! मी तिन्ही कामं एका अँटेनावर आणली आणि मध्ये फिल्टर बसवले — ज्याची लहर त्याच्या वाटेने, दुसऱ्याची अडवायची. लॉकेट कोटाच्या मोठ्या बटणाएवढं झालं. लोक घालू लागले. खोटं कशाला, मला फार अभिमान वाटला होता.

एकच जागा अवघड. लॉकेट ज्या पट्ट्यात मदतकेंद्राशी बोलतं त्याची दुप्पट केली की ती अगदी उपग्रहांच्या पट्ट्याला खेटून पडते. उपग्रहाचा आवाज इतका क्षीण, की शेजारी कोणी नुसतं खाकरलं तरी बुडतो. म्हणून तिथला फिल्टर म्हणजे भिंतच हवी. माझ्या अहवालात ती भिंत ५५ डेसिबलची आहे. भरपूर.

आज २३ ची नोंदवही उतरवून घेतली. लॉकेट आपली वही स्वतः ठेवतं आणि दर आठवड्याला पाठवतं. बटण दाबलं की लाइन दोन मिनिटं उघडी राहते. कालव्याकाठी सिग्नल कमी, म्हणून पूर्ण जोर लावून. त्या दोन मिनिटांत उपग्रह: शून्य. नंतर शांत झालं की उपग्रह हळूहळू दिसू लागतात — आणि पुन्हा बटण! जागा ठरायला सलग चाळीस सेकंद शांतता लागते. एकसष्ट दाबण्यांमधली सगळ्यांत मोठी शांतता: ३८ सेकंद.

त्या एकदाच दाबून थांबल्या असत्या तर तीन मिनिटांत खरी जागा कळली असती.

पण पडलेलं माणूस थांबेल कशाला?

आणि मुळात लॉकेटला बोलताबोलता ऐकू यायला हवं. भिंत त्यासाठीच आहे. कुठे गेली भिंत?

रविवार, ९ मार्च

आईला संध्याकाळी सहाला फोन. दर रविवारी करते. सरासरी सात मिनिटं.

"मागच्या रविवारी नव्हता आला."

"काम होतं."

"असेल. आवाज बसलाय का तुझा?"

"नाही."

"मग बोलत नसशील कोणाशी. गंजतो तो. जेवलीस?"

"सहा वाजलेत, आई."

"दुपारचं विचारतेय."

डबा परत आणला होता तसाच. म्हटलं, जेवले. मग तिलाच विचारलं — लॉकेट घालतेस ना? चाळीसमधला एक नग तिच्याकडे आहे, क्र. १७. नोव्हेंबरात मीच नेऊन दिला. तिच्या नगाच्या संदेशाला नंबर माझा आहे.

"तुझी डबी ना? कपाटात आहे, टॉवेलांखाली. मला कशाला? मी काय म्हातारी झालेय?"

"पासष्ट."

"तेच म्हणतेय मी."

हुश्श झालं, खरं सांगायचं तर. कपाटातल्या नगाची काळजी नाही. 

फोन ठेवताठेवता म्हणाली, "दिवस जातो गं. सात वाजले की मात्र घर मोठं होतं." बाबा सातला यायचे. जाऊन तीन वर्षं झाली.

मी म्हटलं, "घर बासष्ट चौरस मीटर आहे. सातलाही तेवढंच."

हसली. मग म्हणाली, "बरं, ठेवते."

६ मिनिटं १० सेकंद.

सोमवार, १० मार्च

हॉस्पिटलात गेले. कोणाला न सांगता, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

चार खाटांची खोली. त्या खिडकीशी. पाय वजनाला बांधलेला, डोळ्यांवर चष्मा, हातात कुठलंसं कोडं. मी नाव सांगणार तेवढ्यात:

"यंत्रवाली ना तू? चेहऱ्यावरच दिसतंय. बस. खुर्चीवरची पिशवी खाली ठेव. खाली म्हणजे जमिनीवर, माझ्या पायावर नको."

पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, "बाई सगळ्यांनाच असं बोलतात. डॉक्टरला काल उभं केलं होतं." सगळे त्यांना बाईच म्हणतात. मग मीही.

विचारलं, काय काय आठवतं. सगळं आठवतं. पाय घसरला, खाली गडगडल्या, पालथ्या पडल्या. लॉकेट छातीखाली. कसाबसा हात घालून दाबलं.

"दाबलं आणि बोलायला लागले. इथे आहे, कालव्याशी, जुन्या पंपाच्या अलीकडे, वीस पावलांवर. सगळं नीट सांगितलं. परत परत. मग थंडी वाजायला लागली तेव्हा पाढे म्हटले. एकोणतीसपर्यंत. वर्गातसुद्धा इतका वेळ कोणी ऐकून घेतलं नव्हतं माझं."

मी म्हटलं, "बाई, त्यात माइक नाही."

त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे?"

"बोललेलं जात नाही त्यातून. फक्त बटणाचा संदेश जातो."

तो पदराने पुसला, पुन्हा घातला. मग: "मग वर लिहायचंस की! याला कान नाहीत म्हणून. मी आपली सांगतेय — पंपाच्या अलीकडे, पंपाच्या अलीकडे..."

पलीकडची बाई हसली. बाई पण हसल्या. मला जमलं नाही.

"पुन्हा पुन्हा का दाबलंत?" हे मी विचारायला नको होतं.

"उत्तर आलं नाही की मुलं काय करतात? हात आणखी उंच करतात. हात खाली कर, थांब, असं सांगायला तिथे कोण होतं?"

"साठ वेळा."

"एकसष्ट. मोजत होते मी. गणिताची आहे."

बरोबर. पहिलं धरून एकसष्ट.

निघताना म्हणाल्या, "चूक सापडली?"

"शोधतेय."

"सापडली की येऊन सांग. आणि पायऱ्या दाखवायच्या हं. नुसतं उत्तर मी तपासत नाही."

मंगळवार, ११ मार्च

सापडली.

माझाच अहवाल, पान ६, तळटीप. माझंच वाक्य: "मोजणीवेळी अँटेनाच्या जागी ५० ओहमचा प्लग जोडला होता."

प्लग म्हणजे नखाएवढी पितळी टोपी. अँटेना काढायची, ही लावायची. फिल्टरला वाटतं समोर आदर्श अँटेना आहे. तो प्लग हलत नाही, भिजत नाही, स्वेटर घालत नाही, पालथा पडत नाही. त्याच्यासमोर भिंत ५५ डेसिबल. कायम. आलेख असा सरळ की पट्टीने काढावा!

खरी अँटेना अंगाला चिकटली की बदलते. माणूस म्हणजे मुख्यतः खारट पाणी. अँटेनासमोर खारट पाणी आलं की फिल्टरला समोरचं ओळखू येत नाही, आणि भिंतीला भगदाड पडतं. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मला माहीत होतं. अंगावर चाचणी करायची, असं माझ्या यादीत होतं. क्र. १४. त्यापुढे लिहिलंय: "प्लगवर पूर्ण."

का केलं मी असं?

खरं उत्तर लिहायचं तर: अंगावरची चाचणी एकटीने होत नाही. एकाने गुहेत लॉकेट घालून झोपायचं, दुसऱ्याने बाहेर यंत्रासमोर बसून वाचायचं. प्लग लावला की एकटीला जमतं.

दुसरं माणूस मागावं लागलं असतं.

बुधवार, १२ मार्च

एकटीनेच करून पाहिलं. अहवाल नुसत्या तर्कावर गेला तर घड्याळ म्हणणार, "आकडा कुठे आहे?" आकडा हवा. चार हजार थांबवायला आकडाच लागतो.

लॉकेट घातलं, केबल जोडली, गुहेत पालथी पडले. यंत्र बाहेर, आपोआप मोजायला लावलेलं. फोमचा वास. गालाला जमिनीवरची जाळी टोचत होती. वीस मिनिटं हलले नाही. उठून पाहिलं — आलेख वेडावाकडा. पण मी वळले की केबलही वळते. भगदाड अंगामुळे की केबलमुळे? पडल्या जागेवरून यंत्राचा पडदा दिसत नाही, आणि उठलं की पडलेली अवस्था मोडते.

चार वेळा केलं. चार वेगळे आकडे.

चौथ्या वेळी लवकर उठावंसं वाटलं नाही. आत छान शांत होतं. मग बाईंचे पाढे आठवले.

गुरुवार, १३ मार्च

कोणाला विचारायचं याची यादी केली. शेजारच्या टेबलवाला — लगेच घड्याळाच्या कानावर जाईल. आधी ज्या दोघी सोबत होत्या त्यांनी नोकरी बदलली. मी नंबर घेतले नव्हते. फोनमध्ये अकरा नावं आहेत. त्यांत दोन डॉक्टर, एक प्लंबर, एक आई.

आणि तारकाका.

तीन अँटेनांची जुनी रचना त्यांची. खिशात कायम तांब्याची तार. बोलताबोलता तिला वळण देत बसायचे. मला काम त्यांनी शिकवलं. तारेला सोल्डरचा डाग कसा द्यायचा इथपासून. मी एका अँटेनाची रचना मांडली त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते, आणि ते म्हणाले, "छान. माझं तीन खोल्यांचं घर तू एका खोलीत बसवलंस. भांडणार नाहीत ना गं आतली माणसं?" मला ते टोचलं. तीन महिन्यांनी निवृत्त झाले, मुदतीच्या दीड वर्ष आधी. निरोपाच्या दिवशी मी गुहेत होते. मोजणी चालू होती, असं नंतर सगळ्यांना सांगितलं. चालू होतीही. दुसऱ्या दिवशीही करता आली असती.

बाहेर आले तर टेबलावर तारेचा एक तुकडा. सरळ, टोकाला एक वळण. अजून खणात आहे.

संदेश पाठवला. पाच वेळा लिहून:

"तारकाका, प्लगवर मोजलं होतं. अंगावर मोजायचं आहे. दोन माणसं लागतात. एक मी आहे. शनिवारी सकाळी दहाला. याल का, ते उद्यापर्यंत कळवा."

शुक्रवार, १४ मार्च

उत्तर नाही.

घड्याळाला एक पान दिलं नाही. "सोमवारी देते" म्हटलं. "सोमवारी मला पान नकोय, ट्रक हवाय" म्हणाले.

शनिवार, १५ मार्च

दहाला पाच कमी. पहारेकऱ्याने फोन केला — पहिल्यांदाच! "कोणी आलंय तुमच्याकडे." त्याला माझ्यापेक्षा जास्त आश्चर्य.

तारकाका. बारीक झालेत. खिशात तार आहेच.

"उत्तर नाही पाठवलंत."

"टाइप करत होतो. तेवढ्यात बस आली."

मी गुहेत जायला निघाले तर अडवलं. "पडायचं काम माझं. वयाला शोभतं. तू वाच, तुझे डोळे चांगले आहेत."

"जमिनीवर पालथं पडायचंय, काका. अर्धा तास."

"मेलो तर अहवालात घाल. आकडा तरी पक्का होईल."

लॉकेट गळ्यात घातलं, केबल मीच पाठीवरून घेऊन टेपने चिकटवली. दार लावलं. आतलं बोलणं तारेच्या जुन्या बोलयंत्रावर ऐकू येतं; ते त्यांनीच कधीकाळी बसवलं होतं. मी आजवर वापरलं नव्हतं. आत-बाहेर दोन्ही मीच.

उभे: ४९. बसून: ४७. उताणे: ४४. कुशीवर: ३८. पालथे, लॉकेट छातीखाली: ३१. शर्ट ओला करून, पालथे: २६.

पुन्हा सगळं, उलट्या क्रमाने. तेच आकडे. एखाद्या डेसिबलचा फरक.

पंचावन्नच्या जागी सव्वीस. त्या भगदाडातून नुसता आवाज नाही, अख्खा कालवा आत आला असता.

मी आकडे मोठ्याने वाचले. आतून आवाज:

"मला शंका होती."

"कशाची?"

"याचीच. तुझा आलेख पाहिला होता तेव्हा. इतकी सरळ रेष माणसाच्या अंगावर येत नाही."

मी बोलयंत्राचं बटण दाबून धरलं होतं. सोडलं. पुन्हा दाबलं.

"मग बोलला का नाहीत?"

"निरोपाच्या दिवशी सांगणार होतो. म्हटलं, जाताजाता हिला बाजूला घेऊन सांगू, चारचौघांत नको. तू आली नाहीस. फोन केला, लागला नाही. लागणार कसा, तू इथे! मग राग आला. मग लाज वाटली राग आल्याची. मग उशीर झाला."

जाड दार मध्ये होतं ते बरं होतं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा त्यांना.

मी म्हटलं, "ओला शर्ट काढा. थंडी वाजेल."

मी दार उघडलं. उठायला हात दिला. कोरडा शर्ट त्यांनी पिशवीत घालून आणला होता. म्हणजे काय काय मोजायचं, ते घरूनच ठरवून आले होते.

डबा दोघांत खाल्ला. उपाय त्यांनी तिथेच मांडला, तारेचे दोन तुकडे टेबलावर ठेवून. उपग्रहांसाठी एक वेगळी छोटी अँटेना, लॉकेटच्या कडेने. बाकी दोन कामं एकत्रच राहू देत. "तीनाचं एक करायला निघालीस, दोनावर थांब. त्यात काही कमीपणा नाही." आणि बटण दाबल्यावर संदेश जाऊ द्यायचा, मग लॉकेटने चाळीस सेकंद गप्प बसायचं. कोणी कितीही दाबलं तरी.

मी म्हटलं, "तीन जास्त होत्याच पण."

"होत्याच. साबणाची वडी! माझ्या बायकोने खुंटीला लावलं होतं."

हसलो. गुहेत हसलं की आवाज लगेच विरून जातो, पण आम्ही बाहेर बसलो होतो.

बसथांब्यापर्यंत गेले सोबत. अहवालात त्यांचं नाव कुठे येईल हे त्यांनी विचारलं नाही. मोजणीत मदत म्हणून येईल. शंकेचं येणार नाही. सही माझी होती.

रविवार, १६ मार्च

अहवाल पूर्ण. सात पानं. पायऱ्यांसकट.

आईला सहाला फोन. ८ मिनिटं. म्हणाली, आवाज सुटलाय आज.

सोमवार, १७ मार्च

साडेआठला घड्याळाच्या टेबलावर अहवाल. वर पहिलं वाक्य: "चूक माझ्या चाचणीत आहे."

वाचलं. पान ३ वर थांबले — आकड्यांची ओळ. पुन्हा वाचली. बाहेर पाहिलं, ट्रक यायचा होता त्या फाटकाकडे.

"हे तू शुक्रवारी एक पान दिलं असतंस तर मला कळलं नसतं."

"हो."

"आज कळलंच आहे तर..." फोन उचलला. कारखान्याला नाही म्हणाले. दोनदा, कारण पलीकडच्याला पहिल्यांदा पटलं नाही. मग माझ्याकडे न बघता: "चाळीसही परत मागव. नवी रचना दुसऱ्या कोणाच्या हाताखाली होईल. तू त्यात राहशील. सही तुझी नसेल."

ठीक आहे. रास्त आहे.

जिना उतरताना एका मजल्यावर बसून राहिले.

मंगळवार, १८ मार्च

हॉस्पिटल. बाईंना पायऱ्या दाखवल्या. प्लग सोबत नेला होता. त्यांनी बोटांत फिरवून पाहिला.

"म्हणजे तू परीक्षा घेतलीस ती मुलांची नाही, बाकाची."

"हो."

"बाक पास झाला."

"हो, बाई."

"दोन गुण कापते. उत्तर उशिरा आल्याबद्दल. पायऱ्या बरोबर आहेत."

माफ केलं की नाही ते बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. जाताना कोड्यातला एक शब्द अडलाय म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी येताना शोधून आण. मी पुढच्या मंगळवारी येणार असं मी म्हटलं नव्हतं.

बुधवार, १९ मार्च

परत मागवण्याची चाळीस पत्रं. एकोणचाळीस लिहून झाली. आईला पत्र काय लिहायचं! रविवारी फोनवर सांगेन, कपाटातून काढून पोस्टात टाक म्हणून.

शुक्रवार, २१ मार्च

चाळीसही नगांच्या नोंदवह्या उतरवल्या. बंद करण्याआधी वाचायचा नियम आहे. क्र. १७ रिकामी असणार म्हणून शेवटी ठेवली होती.

११ नोव्हेंबर ते काल: १३० दिवस. बटण दाबलं: ११३ वेळा. प्रत्येक वेळी संध्याकाळी सातला, एखादं मिनिट इकडेतिकडे. प्रत्येक वेळी रद्द केलेलं, दहा सेकंदांच्या आत. दहाव्या सेकंदाला माझा फोन वाजला असता. एकदा ९.६ सेकंदांपर्यंत थांबली आहे.

रविवार नाहीत. रविवारी मी फोन करते. फक्त एक रविवार आहे: २ मार्च.

पाठवलेला संदेश, नोंदीसाठी:

"आई, नग क्र. १७ परत घ्यायचा आहे. पोस्टाने पाठवू नकोस. मी न्यायला येते. शनिवार, २९ मार्च, संध्याकाळी सातच्या आत पोचेन. आठवडाभर राहीन. चालेल का, ते बुधवारपर्यंत कळव."